खांबांची वाट

लाइनमनला माणसं आवडत नसत, आणि ही गोष्ट त्याने कधी कुणापासून लपवली नाही. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्याला लाइनमनच म्हणत. समोर म्हणत, आणि पाठीमागे आणखी काय काय म्हणत. त्याला त्याचं काही नव्हतं. ज्यांना आपण किंमत देत नाही त्यांनी आपल्याला काय म्हणावं, याचा विचार करायला त्याला फुरसत नव्हती.

टेलिफोन खात्यात तो तेहतीस वर्षं खांबांवर चढला. खांद्याला तारेचं भेंडोळं, कमरेला चामड्याचा पट्टा, आणि खाली खांबाला टेकवून ठेवलेली काळी सायकल. शहरामागचा सगळा डोंगराळ भाग त्याच्याकडे होता. वादळात झाड पडलं, तार तुटली, की जीप जिथे थांबायची तिथून पुढे लाइनमनची सायकल जायची. आणि सायकल जिथे थांबायची तिथून पुढे सायकल लाइनमनच्या खांद्यावर जायची.

तार जोडली की ती चालते का हे बघायला त्याच्याजवळ चाचणीचा फोन असे. दोन चिमटे तारेला लावायचे, कान लावायचा, आवाज आला की चिमटे काढून खाली उतरायचं, असा नियम. लाइनमन चिमटे काढत नसे. वीस फुटांवर पट्ट्याला रेलून, गार वारा खात, तो ऐकत राही.

"जेवलास का?"

"जेवलो. तू?"

"मीपण."

"मग, अजून काय?"

"काही नाही. तुझं?"

याच्यासाठी, लाइनमन मनाशी म्हणे, याच्यासाठी मी मरायला वर चढलो! एकदा तर त्याने एका माणसाला भावाशी बोलताना ऐकलं. आवाज ओढून, कण्हत कण्हत, 'तापानं फणफणलोय रे, उद्या येणं जमायचं नाही,' असं तो सांगत होता. आणि तोच माणूस खांबावरून समोरच्या ओट्यावर दिसत होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात सोललेलं केळं. वरून माणूस टकलाकडून दिसतो आणि तारेतून आतून ऐकू येतो. दोन्हीकडून तपासून लाइनमनने मत बनवलं होतं की माणूस ही वस्तू बाहेरून तकतकीत आणि आतून पोकळ असते, आणि दुरुस्तीला परवडत नाही.

संध्याकाळी घरी गेला की दिवसभरात ऐकलेलं तो बायकोला नकला करून सांगे. ती भाजी चिरता चिरता हसे. 'तुमचं आपलं काहीतरीच,' म्हणे, आणि मग हळूच विचारी, "पण पुढे काय म्हणाली ती?" तीन वर्षांपूर्वी बायको गेली. तिरस्कार तेवढाच राहिला, पण ऐकायला कुणी उरलं नाही. मग तो बाहेर सांडायला लागला. जिन्यातल्या दिव्यावरून खालच्या बिऱ्हाडाशी भांडण झालं. दूधवाल्याने यायचं बंद केलं. वाचनालयात पेपर वाचताना ओठ हलवणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्याने 'पहिलीत का?' असं विचारलं, आणि तिथल्या खुर्चीलाही तो मुकला.

एकुलती एक लेक हे सगळं ऐकून होती. तिला फरश्यांच्या दुकानदाराच्या घरी दिलेली. सासरा भला माणूस होता. इतका भला की लाइनमनला त्याच्याकडे पाच मिनिटांच्या वर बघवत नसे. या व्याह्यांना डॉक्टरने 'वजन उतरवा' म्हणून सांगितलं, तर त्यांनी एकट्याने न उतरवता क्लबच काढला. दर रविवारी सकाळी सायकलवरून डोंगरात जायचं, चहा प्यायचा, गप्पा मारायच्या आणि परत यायचं. पिवळेजर्द सदरे शिवले होते. छातीवर 'कुणीही मागे राहणार नाही' आणि पाठीवर फरश्यांच्या दुकानाची जाहिरात.

"बाबा, एकदाच जा," लेक म्हणाली. "माझ्यासाठी."

"मी सायकल पोटासाठी चालवली. हे लोक पोट घालवायला चालवतात. आमचं काय जमणार?"

"एकच रविवार. आणि तिथे कुणाला काही बोलू नका. माझं सासर आहे ते."

लेक दिलेल्या घरी तोंड सांभाळून असावं, एवढं लाइनमनलाही कळत होतं. तो गेला.

सकाळी सहाला दुकानासमोर बावीस जण जमले. पिवळे सदरे, त्यात कोंबलेली पोटं, डोक्यावर कलिंगडाच्या फाकीसारखी हेल्मेटं. क्लबची चिटणीस एक दातांची डॉक्टरीण होती. तिच्या गळ्यात शिट्टी होती आणि वाजवायची एकही संधी ती सोडत नव्हती. निघण्याआधी फोटो झाला. पोचल्याचा फोटो काढतात हे लाइनमनला माहीत होतं, निघाल्याचा काढतात हे नवीन होतं. न चढलेल्या डोंगराचा आनंद बावीस चेहऱ्यांवर आधीच मावत नव्हता.

"हे आमचे व्याही!" व्याह्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तेहतीस वर्षं सायकलीवर काढलीत! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. लाइनमनने आपल्या काळ्या सायकलचा ब्रेक उगाच दोनदा दाबून बघितला.

शहर संपलं, चढ लागला, आणि चार किलोमीटरवर पहिला थांबा आला. चहाचे थर्मास निघाले. पाय दुखल्याबद्दल एकमेकांचं कौतुक झालं. व्याह्यांनी सायकल एका हाताने उचलून दाखवली. "फक्त नऊ किलो, व्याही! बोलता बोलता उचलली जाते."

आणि स्वतःला कोण उचलणार, हे वाक्य लाइनमनच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं, आणि त्याने ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं. पुढच्या थांब्यावर असं आणखी एक गिळलं. तिसऱ्या थांब्यावर एका औषधविक्याने उतारावर हात सोडून सायकल कशी चालवावी यावर सगळ्यांसमोर व्याख्यान दिलं आणि मग सपाटीवर स्वतःच आडवा झाला. लोक धावले, फुंकरा घातल्या, टाळ्यासुद्धा वाजवल्या. लाइनमनने ते वाक्यही गिळलं. न्याहारी नको इतकं त्याचं पोट भरलं.

म्हणून तो मागे राहिला. मागे एकच बाई होती. पासष्टीच्या पुढची, काटकुळी, कापलेले पांढरे केस, आणि पुढे तारेची टोपली असलेली जुनी जड सायकल. क्लबमध्ये तिला सगळे 'गणिताच्या बाई' म्हणत. शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलेलं. ती थांब्यांवर थांबत नव्हती. एका लयीत हळूहळू पॅडल मारत सगळ्यांच्या शेजारून निघून जायची, पुन्हा सगळे तिला मागे टाकायचे, आणि तिच्या चेहऱ्यावर दोन्ही वेळा काही उमटायचं नाही. बडबड नाही, फोटो नाही. लाइनमनला वाटलं, चला, एक तरी माणूस आपल्यातलं निघालं.

त्याने तिच्या बरोबरीने सायकल घेतली आणि तीन वर्षांनी त्याचं तोंड सुटलं. खांब, चाचणीचा फोन, ते ताप आलेलं केळं. नकला करून सांगितलं. 'जेवलास का? जेवलो. तू? मीपण.' बायको इथे हमखास हसायची.

बाई हसल्या नाहीत. वळण येईपर्यंत त्या तशाच पॅडल मारत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तेहतीस वर्षं तुम्ही लोकांचं चोरून ऐकत होता."

"चोरून कसलं? तपासणी ती."

"तपासणीला किती वेळ लागतो?"

"पाच-दहा सेकंद."

"आणि तुम्ही किती ऐकायचात?"

लाइनमनने वेग वाढवला, मग पुन्हा कमी केला.

"माझा भाऊ या डोंगरापलीकडे एकटा राहायचा. पोटाचं दुखणं होतं," बाई समोर बघत म्हणाल्या. "चार वर्षं मी रोज फोन करून 'जेवलास का' विचारत होते. तो 'जेवलो' म्हणाला की त्या दिवसापुरतं मला कळायचं. यापेक्षा दुसरं काय विचारायला हवं होतं मी, ते सांगा."

लाइनमनने गिअर नसलेल्या सायकलवर गिअर शोधावा तसा हँडलवर हात फिरवला. आयुष्यभर तो माणसांना पायरीखालचं समजत आला होता. आपल्याकडे कुणी तसं बघू शकतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती त्याच्यावरून नजर काढून घेतली, न सुटणारं गणित पोराच्या वहीत तसंच सोडून पुढच्या बाकाकडे जावं तशी.

याच तिरमिरीत तो फाट्यावर पोचला. तिथे सगळे व्याह्यांच्या फोनभोवती घोळका करून उभे होते. टेकडीमागच्या तळ्यावर न्याहारी ठरली होती. फोनवरचा नकाशा सांगत होता, डांबरी रस्त्याने एकोणीस किलोमीटर.

"एकोणीस?" लाइनमन म्हणाला. सकाळपासून गिळलेलं सगळं या एका शब्दातून बाहेर आलं. "ही बघा, ही खांबांची वाट. या टेकडीवरचे सगळे खांब मी राखलेत. सात किलोमीटर. तुमच्या या फोनला काय माहीत? तो आमच्या तारा काढल्यावर जन्माला आला."

लोक खूश झाले. व्याह्यांना तर भरूनच आलं. "बघा! म्हणूनच म्हटलं होतं, जुनं ते सोनं! चला, व्याही सांगतात तर!"

डॉक्टरीणबाईंना शिट्टी वाजवून मतदान घ्यावं लागलं. पंधरा जण डांबरी रस्त्याने जायचे, सात जण व्याह्यांसह लाइनमनच्या मागे. बाई अजून सायकलवरून उतरल्या नव्हत्या.

"तुम्ही या वाटेनं शेवटचं कधी गेला होतात?" त्यांनी विचारलं.

"मागच्याच वर्षी," लाइनमन म्हणाला.

"नक्की? माझा उजवा गुडघा गेलेला आहे. त्याला एकोणीस झेपणार नाहीत, मी इथूनच परत फिरणार होते. सात असतील तर येते."

"सातच आहेत. उतारच आहे बहुतेक."

त्या वाटेवर त्याने चौदा वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं.

सुरुवात झकास झाली. वाट झाडीतून खाली उतरत होती. पहिला खांब नव्हता, पण त्याचं कापलेलं लोखंडी बूड जमिनीत होतं. लाइनमनने ते पायाने दाखवलं. "एकशे अकरा नंबर." दुसरं बूडही सापडलं. तिसरं सापडलं नाही. वाट बारीक झाली, काटे लागले, टायरांखालची माती जाऊन सुटे दगड आले. एक ट्यूब फुटली. लाइनमन पुढेच होता आणि मागे वळून बघत नव्हता. पुढचं वळण आलं की डावीकडे मोठा खडक, खडकापाशी एकशे सतरा नंबर, आणि तिथून तळं दिसतं, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता.

वळण आलं. खडक नव्हता. एकशे सतरा नंबर नव्हता. ज्या टेकडीवर तो खांब होता ती टेकडीच नव्हती.

पायाखाली दीडशे फूट खोल उभा कडा होता, करवतीने कापल्यासारखा. तळाशी हिरवं पाणी, कडेला दगड फोडायचं यंत्र आणि दोन-तीन मालट्रक. अर्धी टेकडी खडी होऊन कुठल्या तरी रस्त्यांखाली जाऊन पडली होती. पलीकडच्या काठावर एक खांब तेवढा राहिला होता, वाकडा, आणि त्याच्यावरून तारेचा एक तुकडा खाली लोंबत होता. लाइनमनने तो खांब ओळखला. तारेला मारलेली गाठ त्याच्याच हातची होती.

मागून एकेक जण आला. सगळ्यांनी वाकून खाली बघितलं. मग औषधविक्या म्हणाला, "काय जागा आहे!" आणि फोन बाहेर निघाले.

लाइनमनला वाटलं होतं, शिव्या बसतील. शिव्यांना त्याच्याकडे उत्तर होतं. पण इथे लोक कड्याच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहून फोटो काढत होते. "व्याही, इकडे बघा! हसा जरा!" ज्यांना सकाळपासून त्याने मनातल्या मनात कस्पटासारखं लेखलं, त्यांच्या माफीपेक्षा कड्यावरून उडी बरी, असं त्याला वाटून गेलं.

बाई शेवटी आल्या. सायकलला टेकून त्यांनी खाण बघितली, खालचं यंत्र बघितलं. मग लाइनमनकडे बघितलं.

"हे एका वर्षात झालं?"

"नाही."

"मग?"

"चौदा वर्षं झाली मला इकडे येऊन."

"म्हणजे खोटं बोललात."

"हो," लाइनमन म्हणाला.

"अहो बाई, जाऊ द्या हो," व्याही मध्ये पडले. "मजा आली की!"

"तुम्हाला आली," बाई म्हणाल्या, आणि सायकल वळवली.

सगळा उतार आता चढ झाला होता, तोही सुट्या दगडांचा. सायकली खांद्यावर घ्याव्या लागल्या. अर्ध्यावर बाईंचा गुडघा फुगून नारळाएवढा झाला. त्या तोंडातून आवाज न काढता एक पाय टाकायच्या, थांबायच्या, दुसरा टाकायच्या. लाइनमनने त्यांची जड सायकल उचलली. स्वतःची वर ठेवून यायची, मग खाली येऊन त्यांची न्यायची. ते त्याला जमत होतं. त्याने हात पुढे केला तेव्हा मात्र बाईंनी तो घेतला नाही. औषधविक्याचा घेतला. हात सोडून सायकल चालवणाऱ्या त्या बावळटाचा. लाइनमन दोन सायकलींच्या मध्ये उभा राहून हे बघत होता.

फाट्यावर यायला दोन तास लागले. व्याह्यांनी दुकानाचा टेंपो बोलावला. बाई पुढे बसल्या, त्यांची सायकल मागे फरश्यांच्या खोक्यांमध्ये गेली. लाइनमनलाही सगळे बसा बसा म्हणाले. तो नाही बसला, एकटाच सायकलने घरी आला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, सासरे किती खूश आहेत! म्हणतात, असा रविवार क्लबच्या इतिहासात झाला नाही."

"तुझा सासरा मूर्ख आहे," लाइनमन म्हणाला.

"बाबा!"

"मी त्याच्याहून मोठा आहे," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडून पत्ता काढून तो बाईंच्या घरी गेला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाईंनी काठीवर रेलून अर्धंच दार उघडलं.

"गुडघा कसा आहे?"

"सुजलाय. डॉक्टर म्हणतात, दोन महिने सायकल नाही."

"बरं."

"अजून काय?"

"काही नाही."

तो जिन्याकडे वळला आणि परत फिरला. "जेवलात का?" लाइनमनने विचारलं. विचारलं आणि त्याचे कान लाल झाले.

"जेवले," बाई म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. पण आपटलं नाही.

पुढच्या रविवारी तो क्लबबरोबर गेला. त्याच्या पुढच्याही गेला. लेकीला वाटलं, बाबा माणसांत आले. तसं काही झालं नव्हतं. माणसं त्याला अजूनही पोकळच वाटत. शिट्टी ऐकली की त्याच्या कपाळावर आठ्या चढत, निघाल्याच्या फोटोत तो पाठ करून उभा राही. फक्त पोकळ वस्तूंच्या यादीत त्याने एक नाव स्वतःच्या हाताने वाढवलं होतं, आणि ते वरच्या बाजूला होतं.

वर्षाखेरी क्लबने छोटी पुस्तिका छापली. व्याह्यांचाच लेख होता: 'एक साहस : व्याह्यांच्या नेतृत्वाखाली खाणीकडे'. मजकुरात निसर्गाचं रौद्र रूप होतं, जिद्द होती, संघभावना होती. गुडघा नव्हता. साठ प्रती दुकानाच्या गल्ल्यावर रचून ठेवलेल्या. लाइनमनने पहिली प्रत उभ्याउभ्या वाचली, स्टूल ओढलं आणि खिशातून पेन काढलं. 'साहस' शब्दावर आडवी रेघ मारून वर लिहिलं, 'चुक'. आणि लेखाखाली दोन ओळी: 'वाट बंद झाली होती. मला माहीत नव्हतं, पण माहीत आहे असं मी सांगितलं.'

"अहो व्याही, हे काय करताय?" व्याही गल्ल्यामागून उठून आले. "छापून झालंय ते!"

"म्हणून तर पेन घेतलंय."

"लोक काय म्हणतील?"

"तुमचे लोक? तुमचे लोक याच्यासुद्धा टाळ्या वाजवतील."

साठ प्रतींना दुपारचे दोन वाजले. व्याही भले असल्यामुळे त्यांनी मध्येच चहा मागवला, आणि लाइनमनने तो न बोलता प्यायला.

एक प्रत तो स्वतः तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेला. बाईंचा गुडघा बरा होता, पण क्लब त्यांनी सोडला होता. या वेळी दार पूर्ण उघडलं. त्यांनी उभं राहूनच लेख वाचला, शीर्षकापासून खालच्या दोन ओळींपर्यंत, आणि पुन्हा शीर्षकाकडे आल्या.

"चूक दीर्घ असते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही ऱ्हस्व लिहिलीय. च-ला दुसरा उकार हवा. सगळ्या प्रतींत असंच लिहिलंय?"

"साठांत."

"मग बसा, या प्रतीपासून सुरुवात करू," बाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसत आतून पेन आणायला गेल्या.